लहान मुलासाठीं पाण्यांतला मास्क

नाताळच्या सुटींत मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले या बाजूस मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची मोठी गर्दी लोटते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळ होड्या उभ्या राहतात. पाण्यावर पालथें पडून, तोंडांत नळी धरून, खालच्या खडकांवरील पोवळीं व रंगीबेरंगी मासे पाहण्याचा जो खेळ स्नॉर्कलिंग या नांवानें आतां सर्वांच्या परिचयाचा झाला आहे, तो खेळण्यास लहानथोर सारेच उतरतात. अशा एखाद्या होडींत सहा-सात वर्षांचें एक मूल हमखास असतें. होडीवाला पेटींतून एक मास्क काढून त्याच्या तोंडावर चढवितो. तो मास्क मोठ्या माणसाच्या मापाचा असतो, म्हणून त्याचा पट्टा कचकून आवळला जातो. मूल पाण्यांत तोंड घालतें, आणि दहा सेकंदांच्या आंत खारें पाणी त्याच्या नाकाडोळ्यांत शिरतें. मूल ठसकतें, रडतें, वडिलांच्या गळ्यास मिठी मारतें आणि त्यानंतर पाण्याकडे पाहण्यासही तयार होत नाहीं. घरीं परतल्यावर सांगितलें जातें कीं, मूल भित्रें आहे. वस्तुतः मूल भित्रें नव्हतें. मास्क चुकीचा होता.

इतक्यावर निभावलें तर तें सुदैवच म्हणावें. पाय न पोंचणाऱ्या पाण्यांत गोंधळलेलें मूल तोंडांतील नळी टाकून देतें आणि नेमकें नको त्या क्षणीं श्वास घेतें. बुडणारें मूल हांका मारतें, हात हालवितें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण बहुधा तें मुकाट्यानें, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, पाण्याखालीं जातें. तेव्हां मुलासाठीं मास्क निवडणें हा खेळणें विकत घेण्याइतका सोपा विषय नव्हे. ही निवड नीट करावयाची, तर मास्क मुळांत कशासाठीं लागतो तें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

उघड्या डोळ्यांनीं पाण्यांत पाहिलें असतां सारें धूसर कां दिसतें? डोळ्यांत शिरणारे प्रकाशकिरण वळवून ते मागच्या पडद्यावर एकत्र आणण्याचें काम डोळ्याचे दोन भाग करतात. पुढचा पारदर्शक पडदा आणि आंतील भिंग हे ते दोन भाग होत. यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश काम पुढचा पडदा करतो, आणि तेंही डोळ्यापुढें हवा असते म्हणूनच त्याला साधतें. हवेंतून त्या पडद्यांत शिरतांना किरण चांगलेच वळतात. परंतु पाणी आणि तो पडदा यांचे प्रकाशविषयक गुण जवळजवळ सारखे असल्यामुळें पाण्यांतून आलेले किरण तेथें फारसे वळतच नाहींत. डोळा जणूं आपलें अर्ध्याहून अधिक बळ गमावून बसतो. मास्क दुसरें कांहीं करीत नाहीं, तो डोळ्यापुढें हवेचा एक लहानसा कप्पा परत आणून ठेवतो. मात्र पाण्यांतून कांचेंत व कांचेंतून हवेंत येतांना किरण वळतात, म्हणून पाण्यांतील वस्तु खऱ्या अंतराच्या सुमारें तीन चतुर्थांश अंतरावर आणि सुमारें एक तृतीयांशानें मोठी दिसते. हें मुलाला आधींच सांगून ठेवावें. नाहीं तर हाताशीं दिसणारा मासा हातीं लागत नाहीं आणि जवळ दिसणाऱ्या तळाला पाय पोंचत नाहीं, या दोहोंनींही तें गोंधळतें.

या नियमाला मुलांच्या डोळ्यांनीं कांहीं अंशीं तोड काढल्याचें एक नवलाचें उदाहरण आहे. अंदमान समुद्रांतील सुरिन बेटांवर मोकेन नांवाचे दर्यावर्दी लोक राहतात. त्यांचीं मुलें मास्कवांचून तळाशीं बुडी मारून शिंपले व लहानसहान जीव वेंचून आणतात. स्वीडनमधील संशोधिका आना गिसलेन यांनीं या मुलांची दृष्टि तपासली आणि इ. स. २००३ मध्यें असें दाखवून दिलें कीं, युरोपीय मुलांच्या मानानें त्यांना पाण्यांत दुपटीहून अधिक स्पष्ट दिसतें. हीं मुलें पाण्यांत बाहुली अगदीं बारीक करतात आणि आंतील भिंगावर शक्य तितका ताण देतात. पुढें सरावानें स्वीडनमधील मुलांनाही ही कला कांहीं प्रमाणांत साधली. परंतु सुटीचे चार दिवस समुद्रावर घालविणाऱ्या मुलाला हा मार्ग उपयोगाचा नाहीं. त्याला मास्कच हवा.

आतां मास्कचा पहिला नियम. त्यांत डोळ्यांबरोबर नाकही झांकलें गेलें पाहिजे. पोहण्याच्या तलावावर वापरण्याचा चष्मा समुद्रांत बुडी मारण्यास चालत नाहीं. फ्रान्सचे सुप्रसिद्ध समुद्रसंशोधक ज्याक कूस्तो यांनीं इ. स. १९३६ मध्यें तूलाँजवळ पाण्यांत पाहिलें तें अशाच डोळ्यांपुरत्या चष्म्यांतून, आणि त्या दर्शनानें त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. परंतु त्या चष्म्यांत एक दोष होता. दहा मीटर खोलीवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. मुलें सहज जातात त्या दोन मीटर खोलीवरही तो एक पंचमांशानें वाढतो, आणि कप्प्यांतील हवा त्या मानानें आक्रसते. चष्म्याच्या आंत नवी हवा सोडण्यास मार्ग नसल्यामुळें तो डोळ्यांना तुंबडीसारखा ओढूं लागतो आणि डोळ्यांतील बारीक रक्तवाहिन्या फुटतात. नाक आंत असलेल्या मास्कमध्यें नाकावाटे थोडी हवा सोडली कीं दाब पुन्हां सारखा होतो. म्हणून नाकाची खोळ मऊ असावी, आणि मुलाला ती बाहेरून बोटांच्या चिमटींत धरतां यावी. कानांतील दाब सारखा करण्यासही ती चिमूट उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट मापाची. सर्वांत अधिक चुका येथेंच होतात. वेष्टनावर छापलेलें वय हें केवळ अजमासाचें असतें. एकाच वयाच्या दोन मुलांचे चेहरे सारखे नसतात, म्हणून मास्क घेतांना मुलाला दुकानांत बरोबर न्यावें. कसोटी अगदीं सोपी आहे. पट्टा पुढच्या बाजूस टाकून ठेवावा, कपाळावरचे केंस मागें सारावे, मास्क चेहऱ्यावर हलकेच टेंकवावा आणि मुलाला नाकानें किंचित् श्वास आंत ओढून धरण्यास सांगावें. मग हात सोडून द्यावा. मास्क चार-पांच सेकंद आपोआप चिकटून राहिला तर तो त्या चेहऱ्याचा. हवा फुसफुसत आंत आली किंवा मास्क गळून पडला तर तो दुसऱ्या कोणाचा. हीच परीक्षा नळीचें टोंक तोंडांत धरून पुन्हां करावी, कारण दांतांत नळी धरली कीं गाल व वरचा ओंठ यांची ठेवण बदलते. मास्कची कड कपाळावर केंसांत जाऊं नये, खालीं वरच्या ओंठावर चढूं नये आणि नाकाच्या मुळाशीं कठीण चौकट टोंचूं नये. ऑनलाइन खरेदी करावयाचीच असेल, तर परत घेण्याची सोय असलेल्या ठिकाणींच करावी आणि घरीं ही कसोटी लावल्याखेरीज वेष्टन फेंकून देऊं नये. पुढें उपयोगी पडेल म्हणून एक माप मोठा मास्क घेण्याची काटकसर कपड्यांत शोभते, मास्कमध्यें शोभत नाहीं.

चेहऱ्याला टेंकणारी जी मऊ झालर, ती सिलिकोनची असावी. स्वस्त मास्कमध्यें ती पी. व्ही. सी. नांवाच्या प्लास्टिकची असते. ती प्रथम बरी वाटली तरी ऊन व मीठ लागून कडक होते आणि पाणी आंत घेऊं लागते. झालर बोटांनीं दुमडून सोडावी. सिलिकोन लगेच मूळ आकारावर येतें, त्याला उग्र वास नसतो आणि स्पर्श मऊ असतो. झालरीची कड दुहेरी असल्यास अधिक चांगलें. काळ्या झालरीपेक्षां पारदर्शक झालर मुलाला बहुधा मानवते. बाजूनें उजेड येत राहिल्यामुळें कोंडल्यासारखें वाटत नाहीं. मास्कच्या आंतील जागाही थोडी असावी. जागा जितकी कमी, तितकें आंत शिरलेलें पाणी एका फुंकरीनें बाहेर काढणें सोपें, आणि मुलाच्या छातींत फुंकरीपुरती हवा बेताचीच असते.

कांच टेंपर्ड, म्हणजे तापवून व झटक्यानें थंड करून कणखर केलेली असावी. तसा शब्द बहुधा कांचेच्या कोपऱ्यावरच उमटविलेला असतो. अशी कांच फुटलीच तर तिचे धारदार तुकडे न होतां बारीक, बोथट दाणे होतात. साध्या कांचेचा मास्क मुलाच्या डोळ्यांपुढें कदापि ठेवूं नये. पॉलिकार्बोनेट नांवाचें प्लास्टिक सहसा फुटत नाहीं, परंतु त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि वाफही अधिक धरते. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या तलावांतील खेळापुरतें तें चालेल. युरोपांत या मास्ककरितां ईएन १६८०५ हें मानक ठरविलेलें आहे. वेष्टनावर तो आंकडा आढळल्यास, माल मानकाप्रमाणें बनविल्याचें निदान उत्पादकानें तरी जाहीर केलें आहे, असें समजावें.

पट्ट्याविषयीं एक गैरसमज फार रूढ आहे. पाणी आंत येऊं लागलें कीं वडील माणसें पट्टा आणखी आवळतात. पाणी अडविण्याचें काम झालरीचें आहे. पट्ट्याचें काम मास्क जागेवर ठेवण्याचें. फाजील आवळलेल्या पट्ट्यानें झालर मुडपते आणि पाणी उलट अधिक शिरतें. पट्टा रुंद असावा, तो कानांच्या वरून डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर बसावा, आणि बक्कल असें असावें कीं मुलाच्या बोटांना तें सोडतां येईल. पाण्यांतून बाहेर आल्यावर चेहऱ्यावर खोल वळ दिसला तर पट्टा आवळला गेला होता असें समजावें. मास्क स्वतःच्या हातानें झटकन् काढतां येणें, ही मुलाच्या दृष्टीनें सर्वांत मोठी सुरक्षितता होय.

मास्कबरोबर नळी येते, आणि तिचा हिशेब पालकांनीं एकदां कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. वीस किलो वजनाचें मूल शांतपणें एक श्वास घेतें तेव्हां सुमारें १४० घनसेंटिमीटर हवा आंत जाते. त्यांतील सुमारें ४० घनसेंटिमीटर घसा व श्वासनलिका यांतच राहते, फुप्फुसाच्या उपयोगी पडत नाहीं. आतां मोठ्या माणसाची नळी ३८ सेंटिमीटर लांब व आंतून २ सेंटिमीटर रुंद धरली, तर तिच्यांत जवळजवळ १२० घनसेंटिमीटर हवा मावते. प्रत्येक श्वासाच्या आरंभीं मुलाला प्रथम हीच मागची उष्टी हवा परत घ्यावी लागते. म्हणजे ४० आणि १२० मिळून १६० झाले, आणि श्वास तर अवघा १४० चा! शांत श्वास घेत राहिलें तर मुलाला ताजी हवा मिळावयाचीच नाहीं. तें धापा टाकूं लागतें, घाबरतें, आणि घाबरल्यावर श्वास आणखीच उथळ होतो. याउलट ३० सेंटिमीटर लांब व दीड सेंटिमीटर रुंद नळींत सुमारें ५३ घनसेंटिमीटर हवाच मावते. म्हणून मुलाची नळी मुलाच्याच मापाची असावी, आणि सावकाश, खोल श्वास घेण्याची संवय त्याला आधीं लावावी. नळी फार अरुंद असणेंही बरें नव्हे, कारण मग श्वास ओढण्यासच कष्ट पडतात. दांतांत धरावयाचें टोंकही लहान व मऊ हवें. मोठ्या टोंकानें जबडा दुखतो आणि ओंठांच्या कोपऱ्यांतून पाणी आंत येतें.

इ. स. २०१४ पासून सबंध चेहरा झांकणारे, नाकानें व तोंडानें मोकळेपणीं श्वास घेऊं देणारे मास्क बाजारांत आले. मुलाला नळी दांतांत धरावी लागत नाहीं, म्हणून पालकांना ते फार सोयीचे वाटतात. येथें मात्र सावधगिरी हवी. या मास्कमध्यें नाकातोंडाभोंवतीं एक आंतला कप्पा असतो, आणि बाहेर सोडलेली हवा पडद्यांच्या योगें निराळ्या वाटेनें जावी अशी योजना असते. लहान चेहऱ्यावर तो कप्पा नीट बसला नाहीं, किंवा पडदा निकामी झाला, तर उष्टी हवा सबंध मास्कभर पसरते आणि पुन्हां पुन्हां तीच श्वासांत येते. तिच्यांतील कार्बन डायऑक्साइड वाढला कीं डोकें दुखतें, गरगरतें, आणि अखेर शुद्धही हरपूं शकते. शिवाय पाणी शिरल्यास साधी नळी तोंडांतून थुंकून टाकतां येते. हा मास्क घाबरलेल्या मुलाला एकट्यानें चटकन् काढतां येईलच असें नाहीं. लहान मुलासाठीं तो न घेणें हेंच शहाणपणाचें.

ज्या मुलाला चष्मा आहे, त्याचा प्रश्न वेगळा. चष्म्याच्या दांड्या झालरीखालीं आल्या कीं पाणी अडत नाहीं, म्हणून चष्म्यावर मास्क चढवितां येत नाहीं. नंबर थोडा असेल तर पाण्यांत वस्तु जवळ व मोठी दिसत असल्यानें बरेंचसें भागतें. नंबर मोठा असल्यास नंबराच्या कांचा बसविलेला मास्क चष्मेवाल्याकडून मुलाच्या मापाचा मिळतो कां, याची चौकशी करावी. डोळ्यांत बसविण्याच्या कांचा घालून समुद्रांत उतरणें डोळ्यांना जंतुबाधा होण्याच्या दृष्टीनें धोक्याचें आहे.

नव्या मास्कच्या कांचेवर कारखान्यांतला एक पातळ थर असतो, त्यामुळें ती वारंवार वाफ धरते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन कांच आंतून चांगली घांसावी आणि धुवून टाकावी. दोन-तीनदां असें केल्यानें तो थर जातो. हा उपाय केवळ कांचेपुरता आहे. प्लास्टिकवर, किंवा वाफ न धरणारा लेप दिलेल्या कांचेवर, तो करूं नये. पाण्यांत उतरण्यापूर्वीं आंतून थोडी थुंकी फिरवून विसळणें हा कोळ्यांचा आणि पाणबुड्यांचा जुना उपाय मुलांना मोठा गमतीचा वाटतो, आणि तो गुणकारीही आहे. परतल्यावर मास्क गोड्या पाण्यानें धुवून सावलींत वाळवावा. मोटारीच्या कांचेमागें उन्हांत टाकूं नये.

मास्क घेतला म्हणजे काम संपलें असें नव्हे. समुद्रावर जाण्यापूर्वीं पंधरा दिवस तो घरांत यावा. पहिल्यानें मुलानें तो आरशापुढें घालून हंसावें. मग बादलींत तोंड बुडवावें. तळाशीं एखादें नाणें टाकून त्यावरचा आंकडा वाचण्यास सांगितलें तर मूल भीति विसरतें. त्यानंतर कंबरेइतक्या पाण्याच्या तलावांत, प्रथम नुसता मास्क, आणि तो अंगवळणीं पडल्यावर नळी. शेवटीं आंत शिरलेलें पाणी काढण्यास शिकवावें: मान किंचित् वर करावयाची, चौकटीची वरची कड कपाळावर दाबावयाची आणि नाकानें फुंकर मारावयाची, पाणी खालच्या कडेनें निघून जातें. ज्या मुलाला हें हंसत-खेळत करतां येतें, त्याला समुद्रांत थोडें पाणी आंत आलें तरी संकट वाटत नाहीं. हें कौशल्य साधेपर्यंत नळी देण्याची घाई करूं नये, मग वय कांहींही असो.

आणि एक गोष्ट कधींही विसरूं नये. मास्क दृष्टि देतो, पोहणें देत नाहीं. समुद्रांत मुलाच्या अंगांत त्याच्या मापाचें तरंगणारें जाकीट असावें, आणि पोहतां येणारें एक मोठें माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर असावें. होडींत बसून लक्ष ठेवणारें नव्हे, पाण्यांत उतरलेलें. श्वास कोंडून धरण्याच्या पैजा लावूं देऊं नयेत, कारण त्यांत पोहणाऱ्याची शुद्ध पूर्वसूचनेवांचून जाऊं शकते. सर्दीनें नाक चोंदलें असेल त्या दिवशीं बुडी नको. कानाच्या पडद्याला इजा होते. पाणी गढूळ व खवळलेलें असतां आग्रह धरूं नये. मालवणचा समुद्र इ. स. १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथील पोवळीं म्हणजे रंगीत दगड नव्हेत, तो सजीवांचा संसार आहे. त्यावर उभें राहूं नये, हात लावूं नये, हें मुलाला पाण्यांत उतरण्याआधींच सांगावें.

सारांश, नाक झांकणारा, सिलिकोनच्या मऊ झालरीचा, टेंपर्ड कांचेचा, आंत थोडी जागा असलेला आणि पट्ट्यावांचून चेहऱ्यावर टिकणारा, असा मास्क मुलासाठीं शोधावा आणि त्याबरोबर मुलाच्याच मापाची नळी घ्यावी. त्यासाठीं दुकानांत अर्धा तास अधिक गेला तरी तो वायां जात नाहीं. किल्ल्याच्या तटाखालीं तेंच सात वर्षांचें मूल दुसऱ्या सुटींत पुन्हां पाण्यावर पालथें पडतें. या वेळीं मास्क त्याचा स्वतःचा असतो आणि वडिलांचा हात त्याच्या हातांत असतो. थोड्या वेळानें तें डोकें वर काढतें, नळी तोंडांतून काढून टाकतें आणि खालीं कोणता मासा पाहिला तें एका दमांत सांगूं लागतें. मग त्याला कोणी भित्रें म्हणत नाहीं.